पद्माताईंची सही

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा," पद्माताई म्हणाल्या.

कॉलीन खुर्चीत रेलली, बाही वर सरकवली आणि नेहमीसारखी कुरकुरली. "अकरा वर्षं झाली, डार्ल. अजून ओळखत नाहीस मला?"

"ओळखते. पण विचारावं लागतं."

"कॉलीन मे डार्सी. चौदा मार्च एक्कावन्न. रक्त तेच आहे, बदललेलं नाही."

पद्माताईंनी दंडाला पट्टा आवळला. आठवड्यातून दोनदा रक्त तपासायला येणाऱ्या कॉलीनची शीर सगळ्या हॉस्पिटलात बदनाम होती. सुई जवळ आली की आत दडी मारायची. दुसऱ्या कुणाकडे गेली की कॉलीन तीन-तीनदा टोचून घेऊन, हात काळानिळा करून परत यायची. पद्माताई मात्र डोळे अर्धे मिटून, तंबोऱ्याची तार लावावी तसं बोटाच्या टोकानं चाचपत राहायच्या आणि पहिल्याच खेपेला शीर सापडायची.

सापडली. तेवढ्यात बाकावरचा फोन थरथरला. सिडनीचा नंबर होता, अनोळखी.

"घे की," कॉलीन म्हणाली. "मी कुठं पळून चालले?"

"नको. नंतर."

नळीत काळसर रक्त चढू लागलं. फोन थरथरत थरथरत बाकाच्या कडेपर्यंत सरकला आणि गप्प झाला. खोलीत एसी चालू असूनही पद्माताईंच्या कपाळावर घाम आला होता. खिडकीबाहेर जानेवारीतलं आभाळ पिवळट दिसत होतं. पश्चिमेला कुठेतरी दोन दिवस गवत जळत होतं आणि गावावर धुराचं झाकण बसलं होतं.

"वारा फिरला तर इकडे येईल," खिडकीकडे बघत कॉलीन म्हणाली.

पद्माताईंनी शिरेवर कापूस दाबला, नळीवर नाव लिहिलं आणि फॉर्मच्या तळाशी सही केली. तिथं बारीक अक्षरांत छापलेलं असतं, की हे रक्त मी स्वतः, रुग्णाला प्रत्यक्ष विचारून ओळख पटवून काढलं आहे. दिवसाला चाळीस वेळा त्या ओळीखाली त्या सही करत. सत्तावीस वर्षांत एकदाही न विचारता केली नव्हती.

"तुझ्या नातीचं, टालियाचं, काही कळलं?" त्यांनी विचारलं. दर खेपेला विचारत, आज नसतं विचारलं तर कॉलीनला नवल वाटलं असतं.

"बुधवारी मेडिकलची यादी लागेल म्हणतात. झोपत नाही पोरगी. इंटरव्ह्यू छान झाला, पण आम्ही आदिवासी असल्याचा तो दाखला काही आला नाही बघ." कॉलीन कोपर दुमडून बसली. "माझ्या बापाला लहानपणी सरकारनं घरातून उचलून गोऱ्यांच्या आश्रमात नेलं, तिथं त्याचं नावच बदललं. आता मी कुणाची, हे मलाच सिद्ध करायचंय. आणि पोरगी ही अशी, लाल केसांची, नाकावर ठिपके. कुणीतरी विचारलंच तिला, तू नक्की किती टक्के गं? घरी येऊन रडली. मग फॉर्मवरचा आमच्या लोकांसाठीचा खाना तिनं सोडूनच दिला. म्हणाली, नॅन, मी या गावची आहे एवढं तरी कुणी नाकारणार नाही ना? म्हणून गावाकडच्या जागांत उभी राहिली."

"किती जागा असतात?"

"मूठभर."

कॉलीन उठली. दारात थांबून म्हणाली, "तुमचं ते गाणं उद्या आहे ना गॅरेजमध्ये? माझ्या खिडकीतून ऐकू येतं. समजत काही नाही, पण बरं वाटतं."

पद्माताई हसल्या. ती गेल्यावर त्यांनी फोन उचलून बघितला. एक सुटलेला कॉल. निरोप नव्हता.

*

सिडनीहून पश्चिमेला पाच तासांवरच्या या गावात पद्माताई आणि त्यांचे यजमान हृषीकेशराव आले ते रेल्वेच्या नोकरीमुळे. मूल झालं नाही. मागच्या अंगणात दोन खोल्यांचं छोटं घर होतं, ते भाड्यानं देत. दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत तिथं चंद्रहास, सुनेत्रा आणि सात वर्षांची अस्मिता राहायला आली. व्हिसाची अटच तशी होती, आधी गावाकडे राहायचं, मग कायमचा परवाना. चंद्रहास पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. इथे त्याला काउन्सिलमध्ये काम मिळालं. दोन हजार सोळाच्या अखेरीस परवाना हातात पडला आणि त्याच डिसेंबरात ती तिघं सिडनीत, वेस्टमीडला गेली.

मधल्या तीन वर्षांत बरंच घडून गेलं होतं. हृषीकेशराव एका सकाळी बागेत पाणी घालता घालता कोसळले. अग्नी चंद्रहासनं दिला. इथे अग्नी म्हणजे भिंतीतलं एक बटण. ते दाबताना हुंदका फुटला तो त्याचाच, पद्माताईंचा नाही. नंतर दहा दिवस त्यानं सुतक पाळलं, दाढी केली नाही, जमिनीवर झोपला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आणि अस्मिता. गॅरेजमधल्या कीर्तनात दर महिन्याला ती पद्माताईंच्या डाव्या हाताला झांज घेऊन बसायची. झांज तिच्या तळहातांपेक्षा मोठी होती. तालाला एवढी पक्की, की पेटी वाजवणारा कुशल चुकला तर मान वेळावून त्याच्याकडे बघायची. वेस्टमीडला गेल्यावरही पहिली दोन वर्षं ती तिघं बहुतेक कीर्तनांना यायची. नंतर फक्त संक्रांतीला.

गेल्या ऑक्टोबरात नवरा-बायको दोघंच बोलावणं नसताना आली. चंद्रहास चहाचा कप हातात फिरवत बसला होता. बोलली ती सुनेत्रा.

"ताई, अस्मिताचे मार्क चांगलेच येणार. पण मेडिकलला नुसत्या मार्कांनी काय होतंय? सिडनीतली सगळीच पोरं नव्व्याण्णव. गावाकडच्या मुलांना मात्र वेगळ्या जागा आहेत. सलग पाच वर्षं गावात राहिलेलं लागतं."

"तुम्ही तीन राहिलात."

"तीन पूर्ण. आणि पुढची दोन वर्षं दर महिन्याला येतच होतो की! अर्ध्या अधिक तुमच्याकडेच वाढली ती."

"सुनेत्रा..."

"घरमालकिणीचं डिक्लरेशन चालतं, ताई. एवढंच लिहायचं, की दोन हजार सतरा-अठरा पण ती मागच्या घरात होती. प्राथमिक शाळेचे दाखले कोण उकरतंय?"

पद्माताईंनी चंद्रहासकडे बघितलं. त्यानं नजर चहात घातली. "सगळेच करतात, ताई," तो हळूच म्हणाला. "मेलबर्नला ट्रुगानिनात माझा एक मित्र आहे. त्यानं तर गावात खोली घेऊन नुसते दिवे चालू-बंद केले, बिलं यावीत म्हणून."

"या गावचीच एक मुलगी आहे, टालिया. अस्मिताच्या वर्गात होती. तीही त्याच जागांसाठी..."

"ती कॉलीनची नात ना?" सुनेत्रा मध्येच म्हणाली. "दुधासारखी गोरी! तिच्यासाठी आणखी एक खाना असतो, आदिवासींचा. आता सांगा, ती गोरी असून आदिवासी म्हणवते ते चालतं. माझी सावळी पोर तीन वर्षं राहून गावची म्हणवली, तर आभाळ कोसळणार आहे का?"

"ती म्हणवते कारण ती आहे."

"आणि आमची नाही? इथे दात पडले तिचे. विचारा तिला, तुझं गाव कुठलं!"

ते खोटं नव्हतं. पद्माताईंनाही विचारलं असतं, तुम्हाला मूल कोण, तर तोंडातून अस्मिताचंच नाव आलं असतं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी त्या तो कागद घेऊन लायब्ररीत गेल्या. तिथं टेबलाशी एक निवृत्त शिक्षक बसतात. सरकारनं त्यांना इतरांच्या सह्यांना साक्षी राहण्याचा अधिकार दिला आहे, फुकट काम करतात. त्यांनी कागद वाचला नाही, तसा वाचायचाही नसतो. चष्म्यावरून बघत विचारलं, "यात लिहिलंय ते खरं आहे, असं तुम्ही जाहीर करता?"

"करते," पद्माताई म्हणाल्या.

त्यांची सही त्या दिवशी नेहमीपेक्षा सुबक आली.

*

शुक्रवारी, कॉलीन येऊन गेली त्याच दिवशी, दुपारी दोनला तो फोन पुन्हा आला. पद्माताई जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या आवारात गाडीत बसल्या होत्या. बाहेर बेचाळीस डिग्री. समोरच्या झाडाखाली एक मॅगपाय चोच उघडी टाकून उभा होता, पंख अंगापासून लांब धरून. ओरडत नव्हता. त्या दिवशी कुठलाच पक्षी ओरडत नव्हता.

"हाय, पद्मा आहात का?" तरुण, गोड आवाज. युनिव्हर्सिटीच्या प्रवेश विभागातून कर्स्टी बोलत होती. "फार वेळ घेणार नाही. यादी लावण्याआधी आम्ही दरवर्षी काही अर्ज निवडून तपासतो. अस्मिताच्या अर्जाला तुमचं डिक्लरेशन जोडलंय. ते तुम्हीच केलंय?"

"हो."

"आणि दोन हजार सतरा, अठरा, ही दोन्ही वर्षं ती तुमच्याच पत्त्यावर राहत होती?"

मॅगपायनं मान वळवली. पद्माताईंना वाटलं तो आपल्याकडेच बघतोय.

"हो," त्या म्हणाल्या.

"लव्हली. नो वरीज. माझा नंबर तुमच्याकडे आलाच आहे. काही सांगायचं राहिलं तर सोमवारपर्यंत कळवा, मग यादी पक्की होते. कूल राहा हं, तिकडे आग आहे ना!"

फोन बंद झाला. पडद्यावर वेळ दिसत होती, एक मिनिट बारा सेकंद. पद्माताईंना वाटलं होतं की असं काही बोलताना जीभ जड होईल, आवाज फुटेल. काहीच झालं नव्हतं. नळ सोडल्यासारखा शब्द बाहेर पडला होता, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या सुट्टी संपेपर्यंत तशाच बसल्या. डबा उघडलाच नाही.

*

शनिवारी चार वाजता कीर्तन होतं. संक्रांतीचं, म्हणून हळदीकुंकूही होतं. गॅरेजचं शटर वर केलेलं, आत सतरंज्या, पंधरा-सोळा माणसं. कुशलनं पेटी लावून ठेवली होती. पोटमाळ्यावरून बादल्या काढून दाराशी भरून ठेवल्या होत्या, कारण सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर आगीच्या सूचना वाजत होत्या. सूर्य धुरामागे लालभडक, बिनकिरणांचा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. ते बघवत नव्हतं.

मधोमध नारदाची गादी अंथरली होती. गादी म्हणजे दोन हात लांबीचं, कडेला जर असलेलं जुनं धाबळीचं कापड. सांगलीच्या शुभदाबाईंनी ते पद्माताईंना दिलं होतं. शुभदाबाई म्हणजे त्यांच्या कीर्तनातल्या गुरू. अंगानं किडकिडीत, आवाज असा की देवळाच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसाला वाटावं आपल्याच कानात बोलतायत. शिष्येला गादीवर उभं करण्याआधी त्या एकच प्रश्न विचारत. "आज खोटं बोलून आलीयस का गं? आली असशील तर बस खाली. झांज वाजव. गादी दुसरीला दे." रागावत नसत. कारण विचारत नसत. शिक्षा तेवढीच. चौदाव्या वर्षी पद्मा एकदा बसली होती, शाळा बुडवून घरी पोटात दुखल्याचं सांगितलं म्हणून. झांज वाजवता वाजवता रडली होती, आणि कीर्तन संपल्यावर शुभदाबाईंनी स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला बुक्का लावला होता.

हा प्रश्न पद्माताईंनी पुढे अस्मितालाही शिकवला होता. सात वर्षांची अस्मिता दर कीर्तनाआधी कमरेवर हात ठेवून त्यांनाच विचारायची, "मावशी, खोटं बोलून आलीस का?" सगळे हसायचे. पद्माताई कान पकडून म्हणायच्या, "नाही हो बाई."

"मावशी!" अस्मिता आत आली. उंच झाली होती, सुनेत्राची निळी साडी नेसलेली. वाकून पाया पडली आणि कानाशी कुजबुजली, "दे कॉल्ड यू, राइट? डॅड सेड ते व्हेरिफाय करतायत."

"आला होता फोन."

"अँड?"

"हो म्हणाले."

अस्मितानं डोळे मिटून श्वास सोडला, पद्माताईंच्या गालाला गाल लावला. "लव्ह यू. आज ध्रुवाचं आख्यान ना? माझं फेव्हरिट." आणि खुंटीवरची आपली झांज काढून ती डाव्या हाताला, नेहमीच्या जागी जाऊन बसली.

ध्रुवाचं आख्यान पद्माताईंनी तिच्यासाठीच योजलं होतं, महिन्यापूर्वी. बापाच्या मांडीवर बसायला गेलेलं पोर, त्याला हाताला धरून खाली ओढणारी सावत्र आई, मग वनातलं तप, मग कुणी हलवू शकणार नाही अशी जागा. जागा मिळवणारी पोर म्हणजे अस्मिता, असं त्यांच्या मनात होतं. आता चिपळ्या हातात घेऊन गादीच्या कडेला उभं राहिल्यावर मनात भलतंच चित्र आलं. मांडीवरून ओढलं गेलेलं पोर लाल केसांचं होतं, नाकावर ठिपके. आणि त्याच्या दंडाला धरलेला हात पद्माताईंना चांगला ओळखीचा होता.

कुशलनं सूर दिला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. गादी पावलापुढे वीतभर.

पद्माताईंनी चिपळ्या गादीवर ठेवल्या. खाली बसल्या.

"आज मी बसते," त्या म्हणाल्या.

"घसा बसला का, काकू?" कुशलनं विचारलं. "धूर फार आहे."

"घसा बरा आहे." त्यांनी मान वळवली. "अस्मिता, तुला ध्रुवाचं आख्यान पाठ आहे. तू उभी राहतेस?"

"मी? सिरियसली?" अस्मिता हसत उठायला लागली.

"राहा. फक्त आधी विचारायचं ते विचारून घे स्वतःला."

अस्मिता अर्धवट उठलेली तशीच थांबली. हसू चेहऱ्यावर राहिलं, पण त्यात कुणी नव्हतं. मागं सुनेत्राच्या बांगड्या वाजल्या. चंद्रहास शटरपाशी उभा होता, त्यानं भिंतीला हात टेकला. इतर मंडळी एकमेकांकडे बघू लागली, काय झालंय ते कुणाला कळेना.

अस्मिता खाली बसली. झांज मांडीवर, दोन्ही तळहात त्यावर दाबून.

"मग नुसतं नाव घेऊ," पद्माताई म्हणाल्या. "कुशल, सूर दे."

रिकाम्या गादीभोवती बसून पंधरा-सोळा माणसं नाम घेऊ लागली. अस्मितानं झांज उचलली नाही. पाच-सात मिनिटं झाली असतील. शटर एकदा खडखडलं आणि थंड म्हणावा असा झोत आत आला. कुणीतरी म्हणालं, वारा फिरला. त्या झोतामागून धूर आला, दाट, जळक्या निलगिरीचा. डोळ्यांना पदर लावून माणसं गात राहिली. गादीवरच्या चिपळ्यांवर राखेचे पांढरे कण पडत होते.

*

माणसं तिळगूळ घेऊन लवकर पांगली. आग नदीच्या पलीकडे थांबली, असा निरोप फोनवर आला. स्वयंपाकघरात ती चौघंच उरली.

"हा तमाशा कशासाठी केलात?" सुनेत्रा म्हणाली. "चार लोकांत पोरीचं तोंड उतरवलंत."

"सोमवारी सकाळी नऊला मी त्यांना फोन करणार आहे. कालचं आणि ऑक्टोबरचं, दोन्ही खोटं होतं असं सांगणार आहे."

सुनेत्रानं हातातली तिळगुळाची वाटी ओट्यावर ठेवली.

"मावशी, दे'ल बॅन मी," अस्मिता म्हणाली. आवाज लहान मुलीचा झाला होता. "फक्त या युनीतून नाही. सगळीकडे कळवतात. आय'ल नेव्हर गेट टू बी अ डॉक्टर."

"म्हणूनच आज सांगतेय. सोमवारी नऊच्या आत तूच त्यांना ईमेल कर. अर्ज मागं घे. स्वतःहून मागं घेतलास तर तुझं पुढचं वाचेल. मी त्यानंतर माझ्यापुरतं सांगेन."

"आणि मग काय? एक वर्ष वाया?"

"टालियाचं गेलं असतं की."

"शी वॉज इन माय इंटरव्ह्यू ग्रुप," अस्मिता पुटपुटली. "मला मिठी मारली तिनं. म्हणाली, आपण दोघी एकाच गावच्या." ती थांबली. "मी इथेच परत येणार होते, मावशी. आय स्वेअर. इथल्याच हॉस्पिटलात. इथं कुणी डॉक्टर टिकत नाही ना?"

"ये. पण तिच्या जागेवर बसून येऊ नकोस."

"वा!" सुनेत्राचा आवाज चिरकला. "तुमची गादी राहील हो पवित्र. आमची मुलगी रस्त्यावर आली तरी चालेल. पोटची असती तर केलं असतंत असं?"

ते लागायचं तिथं लागलं. पद्माताईंनी ओट्याची कड धरली. त्यांना सांगायचं होतं की पोटची असती तर ऑक्टोबरातच नाही म्हणाले असते, परकी म्हणूनच धीर झाला नाही, जाईल म्हणून भ्यायले.

"ताई," चंद्रहास पहिल्यांदाच बोलला. "दहा दिवस मी..." आणि तिथंच थांबला. स्वतःच्याच तोंडून निघालेल्या शब्दांना दचकल्यासारखा.

"बोल," पद्माताई म्हणाल्या. "पाळलंस. ते खरंच आहे. त्याची फेड म्हणून मी सही केली, हेही खरं आहे. तीच चूक झाली माझी, चंद्रहास. तू फेडून घ्यायला केलं नव्हतंस."

चंद्रहासनं गाडीची किल्ली उचलली. रात्री राहायचं ठरलं होतं, पण उजेड होता तोवरच ती तिघं निघाली. दारात अस्मिता सवयीनं पाया पडायला वाकली. गुडघ्यांपर्यंत वाकली, आणि मग आठवल्यासारखी सरळ झाली. साडीचा पदर सावरत गाडीत जाऊन बसली. दरवेळी ती झांज बरोबर न्यायची, सिडनीला सराव करायला. या वेळी झांज खुंटीवर होती.

रविवारभर फोन वाजला नाही. पद्माताईंनी दोनदा तो उचलून बघितला, चार्ज आहे ना म्हणून.

*

सोमवारी नऊ वाजता रक्त काढायच्या खोलीचं दार आतून लावून पद्माताईंनी तो नंबर लावला.

कर्स्टीनं आधी ओळखलंच नाही. मग "ओह, हाय!" म्हणाली. अस्मिताकडून काही निरोप आला आहे का, असं पद्माताईंनी विचारलं. नव्हता आला. मग त्यांनी सांगितलं. पाठ केलं होतं तरी मध्ये दोनदा अडखळल्या. शुक्रवारी अडखळल्या नव्हत्या.

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग आवाज आला तो वेगळा होता, सपाट. "हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल."

"देते."

"खोटं डिक्लरेशन हा गुन्हा आहे, पद्मा. माझ्या हातात काही राहणार नाही. हे पुढे जाईल. तुम्ही हॉस्पिटलात काम करता ना? त्यांनाही कदाचित कळवावं लागेल. हे समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय."

"तरी सांगायचंय?"

"हो," पद्माताई म्हणाल्या.

लेखी पाठवून होईपर्यंत दहाला पाच कमी होती. त्यांनी हात धुतले, दार उघडलं. बाहेरच्या बाकावर कॉलीन बसली होती, पायाशी पिशवी. आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं होतं, पण खिडकीच्या चौकटीवर राखेचा थर तसाच होता.

"शनिवारी लवकर थांबलात," कॉलीन खुर्चीत बसत म्हणाली. "आणि तुझा आवाज नव्हता त्यात. मी कान देऊन होते."

"मी बसले होते."

"पुढच्या महिन्यात उभी राहशील ना?"

"बघू. काही दिवस बसायचंय."

कॉलीननं त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. बाही वर सरकवली आणि तो शीर दडवणारा, सुरकुतलेला, विश्वासानं सैल सोडलेला हात पुढे ठेवला. टालियाचं तिनं काढलं नाही, पद्माताईंनीही नाही. बुधवारी यादीत तिचं नाव असेल की नसेल, हे पद्माताईंना ठाऊक नव्हतं. या खुर्चीशी आपण पुढच्या सोमवारी असू की नसू, हेही नव्हतं.

त्यांनी फॉर्म समोर ओढला. पेनचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा," त्या म्हणाल्या.

या वेळी कॉलीन कुरकुरली नाही. पद्माताईंच्या बोटांकडे बघत, एकेक शब्द सावकाश उच्चारून तिनं नाव सांगितलं, तारीख सांगितली. पद्माताईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग पट्टा आवळला.